डाव आणि कौल

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी घडलेला एक लहानसा प्रसंग या लेखास निमित्त झाला आहे. प्रसंग घरगुती आहे, आणि एरवी तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस आम्ही केले नसते. परंतु त्यातून जे प्रश्न निघाले ते आमच्या एकट्याच्या घरचे नाहीत अशी खात्री पटल्यावरून लेखणी उचलली आहे.

पावसच्या वाटेवर आमची वडिलोपार्जित हापुसाची बाग आहे. ती विकावी की ठेवावी, हा प्रश्न दोन वर्षे घरात घोळत आहे. मुंबईस असणाऱ्या आमच्या धाकट्या बंधूंचे मत विकावी असे आहे. राखणीचा, फवारणीचा, तोडणीचा खर्च आणि दरसाल अधिकाधिक लहरी होत चाललेला मोहोर यांचा हिशेब ते मांडतात, आणि तो हिशेब खोटा नाही. आमचे मत विकू नये असे आहे. आमच्यापाशी हिशेब मात्र नाही. मातोश्री ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, सातबाऱ्यावर नाव त्यांचे आहे, आणि त्या काहीच बोलत नाहीत.

अशा स्थितीत बंधूंची कन्या सुटीस आली. तिच्या पिशवीत टॅरोच्या पत्त्यांचा एक जोड होता. हल्ली मुंबई-पुण्याकडील शिकलेली मुले नोकरी, लग्न, परदेशगमन अशा गोष्टींत या पत्त्यांचा सल्ला घेतात, हे आम्ही ऐकून होतो. आमच्या वर्गातील दोन विद्यार्थिनींच्या हाती ते पाहिलेही होते. संध्याकाळी ओटीवर तिने आजीस मनात प्रश्न धरावयास सांगितला आणि तीन पाने मांडली: एक गेल्या काळाचे, एक चालू काळाचे, एक येणाऱ्या काळाचे. तिसरे पान उलटले तो पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा, आणि घोड्याच्या पायांशी पडलेला एक राजा. तेरावे पान, मृत्यूचे. मातोश्री दचकल्या. पुतणी घाईने म्हणाली, “आजी, याचा अर्थ मरण असा नसतो. जुने काही संपते आणि नवे सुरू होते, एवढाच.”

मातोश्रींनी ते पान हातात घेऊन डोळ्यांजवळ नेले, आणि म्हणाल्या, “अगो, ते बाग विकली तरी होते नि ठेवली तरी होते. ह्यात उजवा कुठला नि डावा कुठला?”

आम्ही हसलो, परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही असे वाटू लागले. त्याचा उलगडा करावयाचा तर आधी या पत्त्यांची कुळकथा पाहिली पाहिजे, आणि ती कथा आपल्या कोकणापासून वाटते तितकी दूर नाही.

टॅरो हे मिसरच्या पुरोहितांनी चित्रांत लिहून ठेवलेले गुप्त शास्त्र होय, अशी समजूत अद्यापि पुष्कळांची आहे. ही समजूत मिसरातील नसून पॅरिसमधील आहे. कूर द जेबेलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने 1781 साली आपल्या एका मोठ्या ग्रंथाच्या आठव्या खंडात ती प्रथम मांडली. मिसरी चित्रलिपी त्या काळी जगात कोणासही वाचता येत नव्हती. शांपोलियँने ती उलगडली 1822 साली. जी लिपी वाचता येत नाही तिच्यात काय लिहिले आहे हे सांगण्यास विद्वानास कोणाची आडकाठी नसते! त्याच्या पाठोपाठ आलिएत नामक एका गृहस्थाने आपले आडनाव उलटे लिहून ‘एतेया’ असे गूढ नाव धारण केले, आणि या पत्त्यांवर भविष्य सांगण्याचा धंदा थाटला. प्रस्तुत जगभर चालणारी चित्रे तर त्याहूनही अलीकडची. लंडनमध्ये 1909 साली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ती काढली. काम फार आणि पैसा अगदी थोडा, अशी तिची तक्रार होती. 1951 साली ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होते. कोट्यवधी लोकांस भाग्य दाखविणाऱ्या हातांचे भाग्य हे असे.

मग त्याआधी हे पत्ते कशासाठी होते? खेळण्यासाठी. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी 1980 साली एक जाडजूड ग्रंथ लिहून हे निर्विवाद दाखवून दिले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान व फेरारा येथील दरबारांत, नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांना एकवीस चित्रांची पाने आणि एक विदूषकाचे पान अशी बावीस पाने जोडण्यात आली. मिळून अठ्ठ्याहत्तर. एकवीस पाने कोणत्याही रंगाच्या पानास मारणारी, म्हणजे आपण ज्यास हुकूम म्हणतो ती होती; विदूषकाची चाल तेवढी निराळी. फरक एवढाच की आपल्या खेळात हुकूम डावागणिक बदलतो, त्यांचा कायमचा ठरलेला होता. मृत्यू, प्रेमी युगुल, दैवचक्र ही चित्रे म्हणजे त्या हुकुमांची चढती भाजणी! फ्रान्स व ऑस्ट्रिया या देशांत आजही लोक संध्याकाळी बसून टॅरोचा डाव खेळतात, आणि तेरावे पान हाती आले असता ते कधी टाकावे एवढीच चिंता करतात.

त्यातील दैवचक्राच्या पानाविषयी थोडे विषयांतर क्षम्य मानावे. मिलानच्या जुन्या जोडात या चक्रावर चार माणसे दाखविली आहेत: एक राज्य मिळविणार असलेला, एक करीत असलेला, एक गमावून खाली येणारा आणि एक तळाशी, ज्यास राज्यच नाही. रत्नागिरीकराने हे पान पाहिले की त्याला भाट्याच्या खाडीवरील थिबा राजवाडा आठवल्यावाचून राहणार नाही. ब्रह्मदेशाचा तो अखेरचा राजा 1886 साली येथे आणला गेला आणि 1916 साली येथेच मातीस मिळाला. राजवाडा बांधून झाला तो 1910 च्या सुमारास. म्हणजे चक्राच्या तळाशी असलेल्या माणसास पंचवीस वर्षांनी वाडा मिळाला. लहानपणी त्या बाजूस फिरावयास गेलो की मोठी माणसे थिब्याची गोष्ट सांगत आणि शेवटी गप्प होत. त्या गप्प होण्यात जे होते, ते चक्राच्या चित्रात आहे.

असो. टॅरोचे चार रंग कोणते? नाणी, तलवारी, पेले आणि दंड. हे रंग इटलीने आपल्या डोक्यातून काढलेले नाहीत. युरोपात पत्ते आले ते चौदाव्या शतकात, मुसलमानी देशांतून. फ्लॉरेन्स शहराने 1377 साली या नव्या खेळास बंदी घातली, हा त्याचा लेखी पुरावा. इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या काळचा एक हाती रंगविलेला जोड इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. एल. ए. मायर या संशोधकाने 1939 साली तो प्रसिद्धीस आणला. त्यात नाणी आहेत, तलवारी आहेत, पेले आहेत, आणि दंडांच्या जागी चौगानाच्या काठ्या आहेत. म्हणजे टॅरोचा मिसरशी संबंध आहे खरा; पण तो फारोच्या पुरोहितांमार्फत नव्हे, तर फावल्या वेळी पत्ते कुटणाऱ्या मामलूक सरदारांमार्फत! आणि त्या जोडातील एका पानावर जो अरबी मजकूर आहे, त्यात एक शब्द येतो: ‘कंजिफा’.

येथे कोकणातील वाचकाचे कान टवकारले पाहिजेत. कारण हाच शब्द ‘गंजिफा’ या रूपाने सावंतवाडीच्या चितारआळीत आजही चालतो.

हिंदुस्थानातील गंजिफांचा प्रसिद्ध उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. सिंधच्या शाह हसनास गंजिफांची आवड होती व त्याने त्या मागितल्या होत्या, म्हणून 1527 साली बाबराने त्या त्याजकडे पाठविल्या. अकबराच्या खेळातील बारा रंगांचे वर्णन अबुल फजलाने ‘ऐन-इ-अकबरी’त केले आहे, त्यात अश्वपती, गजपती, नरपती, गडपती असे एकेका रंगाचे धनी आहेत. पुढे आठ रंगांचा व शहाण्णव पानांचा मोगली खेळ रूढ झाला. त्यात नाण्यांचे रंग आहेत, तलवारीचा आहे. त्या मामलूक जोडाशी असलेले नाते त्यावरून ओळखू येते. मराठीत यासच चंगकांचन म्हणू लागले. परंतु आपल्या लोकांनी एवढ्यावर समाधान मानले नाही. बादशाही रंग काढून त्यांनी त्या जागी दहा अवतार बसविले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पाने. एकूण एकशे वीस. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. सारी पाने वाटोळी. यांखेरीज नवग्रहांचा एकशे आठ पानांचा जोड आणि बारा राशींचा एकशे चव्वेचाळीस पानांचा जोडही सावंतवाडीस होतो.

ही गोष्ट आम्हास मोठी नवलाची वाटते. ज्या देशात कुंडलीवाचून लग्न ठरत नाही आणि पंचांगावाचून प्रस्थान ठेवले जात नाही, त्या देशात ग्रह आणि राशी पत्त्यांवर रंगविल्या गेल्या, त्या हाती घेतल्या गेल्या, जमिनीवर आपटल्या गेल्या, आणि तरीही त्या पत्त्यांचे शास्त्र झाले नाही. खेळ तो खेळच राहिला. तिकडे मात्र करमणुकीसाठी काढलेल्या चित्रांतून लोकांनी दैव उपसून काढले. एकाच कंजिफाच्या या दोन दूरच्या नाती. देव ज्या घरी आले त्या घरी त्या हसत-खेळत राहिल्या. देव ज्या घरातून उठून जाऊ लागले त्या घरी त्यांस देवाची जागा भरून काढावी लागली. हा आमचा तर्क आहे. तो कोणास आततायी वाटल्यास आम्ही हट्ट धरणार नाही.

सावंतवाडीचे चितारी ही पाने करतात त्याची कृतीही पाहण्यासारखी आहे. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, ते वाळवून घोटावयाचे, वाटोळे कापावयाचे, रंगवावयाचे आणि पाठीस लाख चढवावयाची. लाकडी फळे व खेळणी करणारी हीच मंडळी. छापील बावन्न पाने आली तशी ही विद्या मागे पडली. गेल्या शतकाच्या मध्यास पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे ती जाणणारे उरले होते. संस्थानाचे अधिपती शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कारखाना घातला आणि नवीन हात तयार केले. हातांची परंपरा एका म्हाताऱ्याच्या बोटांवर येऊन ठेपावी आणि तेथून पुन्हा वर यावी, असे आपल्याकडे क्वचितच घडले आहे. 2024 साली या गंजिफांस भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र आज त्या घेतल्या जातात त्या बहुधा चौकटीत लावण्यासाठी. पाने वाचली, डाव गेला.

डाव कसा होता हे आम्हास ठाऊक आहे ते मातोश्रींमुळे. त्यांचे माहेर सावंतवाडी. वर सांगितलेल्या प्रसंगी मृत्यूचे पान खाली ठेवून त्या उठल्या आणि फडताळातून एक रंगीत लाकडी पेटी घेऊन आल्या. आजोबांच्या गंजिफा त्या पेटीत असतात हे आम्ही जाणून होतो. त्यांचा खेळ मांडलेला मात्र कधी पाहिला नव्हता. मातोश्री सांगू लागल्या. तीन गडी, प्रत्येकास चाळीस पाने. हुकूम मुळीच नाही. रामाला रामच मारील, माशाला मासाच. म्हणून कोणत्या रंगाचे कोणते वरचे पान निघून गेले हे सारखे ध्यानात ठेवावे लागते. त्यातही निम्म्या रंगांत दश्शा वरचढ, आणि निम्म्यांत उलटा क्रम, तेथे एक्का वरचढ. “वडील म्हणायचे, नाव घ्यायचे पुण्य आणि डोके चालवायचे सुख, दोन्ही एका बैठकीत.” पुतणीने विचारले, “आजी, यावर भविष्य नाही का पाहायचे तुम्ही?” मातोश्री म्हणाल्या, “नाही गो. नरसिंहाला काय बाग विकू की नको विचारायचे? तो डावात आलेला असतो. विचारायचे ते देवळात.”

‘देवळात विचारणे’ म्हणजे कौल. घाटावरील वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. कोकणातील ग्रामदेवतेच्या मूर्तीवर किंवा पाषाणावर फुलांच्या ओल्या पाकळ्या, कोठे तांदूळ, कोठे सुपाऱ्या लावतात. गुरव सर्वांदेखत मोठ्याने गाऱ्हाणे घालतो; अमक्याच्या मनात अमुक आहे, ते त्याने करावे किंवा कसे. पाकळी उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा लाखो लोकांची, पण तिची तिथी पंचांगात ठरलेली नसते. दरसाल देवीच्या कौलाने ती ठरते, आणि मग मुंबईचे चाकरमानी गाडीची तिकिटे काढू लागतात.

शब्दाकडे पाहावे. कौल हाही गंजिफाप्रमाणेच परका. मुळात अरबी, अर्थ वचन. आपल्या जुन्या कागदपत्रांत तो राज्यकारभाराचा शब्द आहे. स्वारी-शिकारीने किंवा दुष्काळाने गाव उजाड झाला, रयत परागंदा झाली, म्हणजे सरकार कौल देई: परत या, जमीन लावा, पहिली वर्षे सारा थोडा घेऊ, मग पायरीपायरीने वाढवू, उपद्रव लागू देणार नाही. इस्ताव्याचा कौल तो हा. म्हणजे कौल देणारा बांधला जाई आणि घेणाराही. हाच शब्द आमच्या कोकणी पूर्वजांनी देवाच्या तोंडी घातला तो सहज नव्हे, असे आम्हास वाटते. पाकळी पडली की देवाने शब्द दिला. निभावून नेणे त्याजकडे, ऐकणे आपल्याकडे, आणि सारा गाव साक्षी. मातोश्रींस टॅरोच्या पानात जे दिसले नाही ते हे. त्या पानाने कोणी बांधला जात नाही. ते एकट्या माणसाशी हळू आवाजात बोलते, पुष्कळसे खरे बोलते, मनातील गाठ मोकळी करते. पण उद्या सकाळी त्याच्या साक्षीने कोणास उभे करता येत नाही.

यावरून आम्ही कौलाचे स्तुतिपाठक आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. इंग्रजी शिक्षणाची पहिली वारी झाल्यावर आम्ही कौलाची यथेच्छ टवाळी केली आहे, आणि त्यातील बरीचशी आजही मागे घेणार नाही. पाकळी ओली किती, चिकटविली कशी, वारा कोठून, यांवर ती पडते. चारचौघांदेखत प्रश्न घालावयाचा म्हणजे ज्यास चारचौघांत बोलण्याची मुभा नाही त्याचा प्रश्न देवापर्यंत पोहोचतच नाही. घरच्या लेकीसुनांच्या मनातील किती प्रश्न गाऱ्हाण्यात आले असतील? आमची पुतणी आपल्या खोलीचे दार लावून स्वतःसाठी पाने मांडते, तेव्हा तिच्या आजीस कधी न मिळालेली मोकळीक ती भोगीत असते, हे विसरून चालणार नाही.

आणि कौलानेही माणसे वाटते तितकी बांधली जात नसत. आम्ही पुढील शिक्षणासाठी मुंबईस जावे की नाही याबद्दल आमच्या आजीने कौल लावविला होता. पाकळी पडली डावीकडची. आजी रडू लागल्या. वडील काही वेळ गप्प राहिले आणि मग गुरवास म्हणाले, “गाऱ्हाणे चुकले. असे विचारा: पोर जाणार आहे, तर त्याचा सांभाळ करशील ना?” पुन्हा पाकळ्या लावल्या, या खेपेस उजवा पडला. गाडीत बसताना आम्हास वडिलांच्या युक्तीचे फार कौतुक वाटले होते. आता त्यांच्या वयास आल्यावर वाटते की ती युक्ती नव्हती. निर्णय आपला, सांभाळ तुझा, अशी वाटणी त्यांनी तेथल्या तेथे करून टाकली होती. पहिल्या प्रश्नात ती झालेली नव्हती.

बागेचा प्रश्न आम्ही कोणत्या शब्दांत घालावा? विकावी की ठेवावी, असा घातला तर एक भाऊ जिंकेल आणि एक हरेल, मग पान पडो की पाकळी. बंधूंशी आम्ही या विषयावर दोन वर्षांत दूरध्वनीवर जेवढे बोललो तेवढे समोरासमोर एकदाही बोललेलो नाही. त्यांनी हिशेब पाठवावा, आम्ही त्यास उत्तर न द्यावे, असे चालले आहे. तिसऱ्या दिवशी पुतणीने हे सारे तिच्या वडिलांस कळविले असावे. कारण शिमग्यास आपण स्वतः येतो, असा त्यांचा निरोप आला. कौल लावावा किंवा नाही हे मातोश्री तेव्हा सांगणार आहेत.

दरम्यान पेटीतील गंजिफा मोजल्या गेल्या. एकशे तेरा भरल्या. कल्कीचा प्रधान, वामनाची दोन पाने आणि आणखी चार हरवली होती. पुतणीने जाड पुठ्ठ्याच्या सात चकत्या कापल्या, त्यांवर शाईने नावे घातली, आणि टॅरोचा जोड पिशवीत ठेवून ती पाटावर बसली. तिसरा गडी म्हणून आम्हास बोलावणे आले. तेरीज लिहीत बसण्याचे काम राहू दे, असेही बजावण्यात आले. पाने वाटून झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. दिवसा डाव रामाने उघडावयाचा आणि रात्री कृष्णाने, असा नेम आहे. मातोश्रींनी चष्मा पुसला, आपली चाळीस पाने हातात पसरली आणि विचारले, “कृष्ण कोणाकडे आलाय?”